जांभ्याची भिंत आणि मनीचे परस

(दृश्य : पहाट. कौलारू घराच्या मागचे परस. भिंतीच्या माथ्यावर बसलेली पांढरी-करडी मांजर.)

बेळगावच्या टिळकवाडीतील या घराच्या परसाला पाच फूट उंचीची जांभ्या चिऱ्याची भिंत आहे. गुरांना आणि माणसांना ती अडवते. मनीला मात्र ती जिन्यासारखी वाटते. जांभा सच्छिद्र असतो, त्याच्या खाचाखोचांत नख सहज रुतते, आणि धडधाकट मांजर तर जागच्या जागी उभे राहून पाच-सहा फूट उडी घेते. त्यामुळे मनीला परसाबाहेर जाण्यापासून रोखायला भिंतीवर चिऱ्यांचे आणखी दोन थर चढवले की काम भागेल, हा घरच्यांचा पहिला विचार साफ चुकला. मांजर भिंतीची उंची मोजत बसत नाही. वर गेल्यावर पंजाला आधार कुठे मिळेल, एवढेच ते पाहते.

(दृश्य : गल्लीतून भरधाव जाणाऱ्या दुचाक्या. कोपऱ्यावर पहुडलेली कुत्री.)

2022 च्या ऑगस्टमध्ये शहरात बिबट्या दिसला, गोल्फ मैदानाच्या परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या, आणि त्या दिवसांत मांजरे पाळणाऱ्यांनी दारे घट्ट लावून घेतली. बिबट्या कधीतरी येतो. दुचाकी, भटकी कुत्री आणि शेजाऱ्याने उंदरांसाठी ठेवलेले विष मात्र रोजचेच आहे. त्यातही मांजराच्या फिरण्याची खरी वेळ पहाटेची आणि तिन्हीसांजेची, म्हणजे नेमकी कुत्र्यांचीही तीच.

(दृश्य : भिंतीवर लोखंडी अँगल बसवणारा कारागीर.)

येथे निवडलेला उपाय साधा आहे. भिंतीच्या माथ्यावर दर पाच फुटांवर लोखंडी अँगल असा बसवला आहे की त्याचे वरचे टोक परसाच्या बाजूला अंदाजे 45 अंशांत झुकते, आणि त्यावर दीड ते दोन फूट रुंदीची जाळी किंचित सैल ताणली आहे. भिंतीवरून वर आलेल्या मांजराला पुढे जायचे तर या जाळीला खालून, पाठ जमिनीकडे करून, लोंबकळावे लागते. शिवाय हलणाऱ्या आधारावर त्याचा विश्वास नसतो. जाळीचे घर एक इंचाहून मोठे नसावे, कारण मांजराच्या खांद्याचे हाड इतर हाडांना घट्ट जोडलेले नसते आणि डोके जेथून जाते तेथून बहुधा अंगही निघते. नायलॉनची जाळी स्वस्त पडते, परंतु उन्हाने विटते आणि पहिल्या मोठ्या पावसात झोळीसारखी लोंबते. म्हणून जस्ताचा मुलामा दिलेली तारेची जाळी घ्यावी आणि अँगलला रंगाचा हात दरवर्षी मृगापूर्वी द्यावा, हे आमचे मत.

(दृश्य : भिंतीलगतचा शेवगा. सांडपाण्याचे भोक. फाटकाखालची फट.)

एवढे करूनही मनी तिसऱ्याच दिवशी गल्लीत सापडली. भिंतीला टेकलेल्या शेवग्याने तिला वाट दिली होती. आता खोडाभोवती दोन फूट रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळला आहे, त्याची वरची कड तिच्या उडीच्या टप्प्याबाहेर ठेवली आहे, आणि भिंतीबाहेर झुकणाऱ्या फांद्या छाटल्या आहेत. पाण्याची टाकी भिंतीपासून दूर सरकवली, दोडक्याचा वेल जाळीवरून उतरवला, सांडपाण्याच्या भोकाला जाळी ठोकली. फाटकाखालची फट मात्र एकदा बुजवून भागत नाही. जुलैच्या पावसात तेथील तांबडी माती वाहून जाते आणि दोन बोटांची फट पाहता पाहता चार बोटांची होते.

(दृश्य : रात्र. बाहेरून भिंतीवर चढणारा काळा बोका.)

आत झुकलेली जाळी घरच्या मांजराला अडवते, बाहेरच्याला अडवत नाही, याचा विचार फार थोडे लोक करतात. परका बोका बाहेरून सरळ चढतो, आत उडी टाकतो, आणि मग त्यालाही बाहेर पडता येत नाही. कोंडलेले दोन प्राणी भांडतात, आणि चाव्याच्या जखमा चिघळतात. ज्या गल्लीत बोके फार, तेथे जाळी दोन्ही बाजूंना झुकवावी, नाहीतर परसाचा एक कोपरा वरूनही जाळीने बंद करून मोठा पिंजराच उभारावा. मांजरीची नसबंदी आणि रेबीजसह सर्व लसी यांना तर पर्यायच नाही. भाटी, म्हणजे मादी मांजर, पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, आणि माजावर आलेल्या मांजरीपुढे कोणतीही जाळी कमीच पडते.

(दृश्य : कुंड्या. पूजेसाठी फुले काढणारे हात.)

कोंडलेले मांजर कंटाळले की पाने चावते. पूजेसाठी लावलेली कण्हेर, दारातला शोभेचा सायकस आणि कुंडीतील लिली या परसातून हलवल्या आहेत. लिलीचे तर परागकण अंगावरून चाटले गेले तरी मांजराची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. त्यांच्या जागी गहू पेरलेले एक घमेले, सावलीत एक उंच फळी आणि नखे घासायला काथ्या गुंडाळलेला ओंडका आहे.

(दृश्य : तिन्हीसांज. स्वयंपाकघराच्या दारात ताटलीचा आवाज.)

मनीला संध्याकाळचे जेवण मिळेपर्यंत उपाशीच परसात सोडले जाते, म्हणजे ताटली वाजताच ती आत येते. पलीकडच्या कन्नड भाषिक आजी भिंतीवरून डोकावून रोज विचारतात, ‘बेक्कू आत आली का?’ (बेक्कू म्हणजे कन्नडमध्ये मांजर.) आणि आत आल्याचे कळल्यावरच त्या आपली खिडकी लावून घेतात.