कान्हेरीचा ओटा

(ओला काळा कातळ. कोरलेल्या पायऱ्यांवरून पाणी उतरतंय.)

बोरिवली स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडलं की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं फाटक चालत गाठता येतं. तिथून कान्हेरीची लेणी साधारण 6 किलोमीटर आत. सहलीला आलेली मंडळी तीन नंबरच्या लेण्यात, म्हणजे मोठ्या चैत्यगृहात (स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनात) जातात, बाहेरच्या 7 मीटर उंच बुद्धमूर्तींसमोर फोटो काढतात आणि बहुतेक तिथूनच माघारी फिरतात. आपण पायऱ्या चढून वर जाऊ. आपल्याला ध्यानाला बसायची जागा बघायची आहे.

(लेण्याबाहेरचा दगडी ओटा, अगदी जवळून.)

हा ओटा. चिरे आणून रचलेला नाही. भोवतालचा कातळ काढून टाकला आणि एवढा भाग राखला. मांडी घालून बसता येईल एवढी रुंदी, पाठीशी भिंत, जवळच पाण्याचं टाकं, समोर झाडी. इथं शंभराहून जास्त लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षं खोदकाम चाललं, आणि असे ओटे ठिकठिकाणी सापडतात. झोपायला आत खोली, बसायला बाहेर ओसरी. ज्यानं कुणी हे आखलं, त्याला ध्यानाला बसणाऱ्या माणसाची नड नेमकी ठाऊक होती.

पाली सुत्तांमध्ये, म्हणजे बुद्धाच्या पाली भाषेतल्या प्रवचनांमध्ये, ध्यानासाठी तीन जागा पुन्हा पुन्हा सांगितल्या आहेत: अरण्य, झाडाचा बुंधा, रिकामं घर. कान्हेरीत तिन्ही शेजारीशेजारी.

(पावसाची झड. लेण्याच्या कपाळावरून पडणाऱ्या धारा.)

निसर्गाच्या सान्निध्यात ध्यान म्हटलं की हल्ली हिरवळ, कोवळं ऊन आणि योगाची चटई डोळ्यांपुढे येते. इथला मामला वेगळा होता. भिक्षू एरवी फिरतीवर असत. पावसाळ्याचे तीन महिने मात्र एका जागी मुक्काम, तो वर्षावास. आणि कोकणपट्टीचा पाऊस म्हणजे काय, ते सांगायला नको. ओल, डास, दिवसचे दिवस ऊन नाही. त्या पावसात निवांत बसता यावं म्हणून किती खटपट केलीय पाहा. कातळावर पन्हळी कोरून पाणी टाक्यांकडे वळवलंय. जमिनीत गोल खळगे आहेत, ते पुढे लाकडी मांडव घालायला. खर्चाची तरतूदही झाली होती: कल्याण-सोपाऱ्याकडच्या दात्यांची नावं इथल्या भिंतींवर कोरलेली आहेत, आणि पावसाळा इथं काढणाऱ्या भिक्षूला चीवर, म्हणजे अंगावरचं वस्त्र, मिळावं म्हणून शेताचं उत्पन्न लावून दिल्याचे लेखही आहेत. निवांतपणा फुकट मिळत नाही, हे तेव्हाच्या व्यापाऱ्यांना आपल्यापेक्षा बरं कळत होतं म्हणायचं.

(झाडीत हालचाल. पक्ष्यांचे आवाज.)

आता बसून पाहू. डोळे पूर्ण मिटायची घाई नको. नाकपुडीशी श्वास येतो-जातो, तेवढ्याकडे लक्ष. पहिली काही मिनिटं डोक्यात ऑफिसच असतं. मग दगडाचा गारवा मांडीला जाणवायला लागतो. मग आवाज सुटे होतात: टाक्यात पडणारा थेंब वेगळा, पानांवरचा वेगळा. तांबट पक्ष्याचं टुक-टुक एकसुरी चाललेलं असतं. मध्येच कुणीतरी पक्षी तिसऱ्याच पक्ष्याच्या आवाजात ओरडतो; तो कोतवाल, लांब शेपटीचा, नकला करण्यात पटाईत. तो कोण हे ओळखायच्या नादात श्वास हातचा सुटतो. सुटू द्या. पुन्हा नाकपुडीशी या. माझ्या मते उघड्यावर बसण्याचा खरा फायदा हाच, की लक्ष गेलेलं लगेच कळतं. बंद खोलीत ते कधी गेलं याचा पत्ताच लागत नाही.

बंद जागेची सोयही याच शहरात आहे. गोराईचा विपश्यना पॅगोडा 2009 साली खुला झाला. त्याच्या घुमटाखाली आधाराला एकही खांब नाही आणि सुमारे 8000 माणसं एका वेळी ध्यानाला बसू शकतात. तिथली शांतता बांधून काढलेली. कान्हेरीत मात्र माकडाच्या मनात येईल तेव्हा ते शेजारी येऊन बसतं.

(पायवाट. सूचनाफलक.)

तेव्हा खायचं काही सोबत उघडं ठेवू नका, पिशवीसकट जाईल. हे बिबट्यांचं जंगल आहे. पायवाट सोडून आत एकांत शोधायला जाऊ नका, ओटे आहेतच. शेवाळलेल्या पायऱ्यांवर पाय जपून टाका. सोमवारी लेणी बंद असतात. रविवारी गर्दी असते, पण ती खालीच रेंगाळते, वरच्या ओट्यांपर्यंत फारसं कुणी चढत नाही.