डोंगराला हाक मारणारा बागवान

श्रोतेहो, नमस्कार.

आज ज्या कवीविषयी मला बोलायचे आहे, त्याला त्याच्या, म्हणजे अरबी, भाषेतले लोक ‘अल-जन्नान’ म्हणत. अल-जन्नान म्हणजे बागवान. त्याचे पूर्ण नाव अबू इसहाक इब्राहीम इब्न खफाजा. साहित्याच्या इतिहासात तो इब्न खफाजा याच नावाने ओळखला जातो. परंतु त्याचे पाळण्यातले नाव इब्राहीम होते, आणि हे नाव आपण आतापासूनच ध्यानात ठेवावे, कारण मला सांगायची असलेली गोष्ट याच नावाभोवती फिरणारी आहे.

इब्न खफाजा १०५८ मध्ये जन्मला, तो अरबस्तानात नव्हे, तर आजच्या स्पेनमध्ये. त्या भूमीच्या मुसलमानी अमलाखालील भागाला अरबीत अंदलुस म्हणत. व्हॅलेन्सिया शहराच्या दक्षिणेला हूकर नदीच्या वळणात वसलेले एक गाव आहे. आज त्याला अल्सीरा म्हणतात. हूकरलाच अरबीत शुक्र म्हणत, आणि म्हणून त्या काळी ते जझीरत शुक्र, म्हणजे शुक्र नदीचे बेट, या नावाने ओळखले जाई. नदीतून काढलेले पाट आणि त्या पाण्यावर पोसलेल्या बागा असा हा मुलूख होता. पाटाला अरबीत ‘साकिया’ म्हणतात, आणि त्यावरूनच स्पॅनिश भाषेत पाटाला ‘असेकिया’ हा शब्द आला. व्हॅलेन्सियात आजही दर गुरुवारी दुपारी बारा वाजता प्रधान चर्चच्या दारात पाण्याचे न्यायालय भरते आणि पाटपाण्याचे तंटे तोंडी सुनावणी घेऊन तिथल्या तिथे मिटवले जातात. पाळीपाळीने पाणी घेणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना हे न्यायालय एकदा तरी पाहायला मिळावे, असे मला फार वाटते. पण तो विषय वेगळा.

कोर्दोव्याची खिलाफत १०३१ मध्ये संपली आणि अंदलुसचे लहान लहान तुकडे झाले. प्रत्येक तुकड्याला एक राजा होता आणि प्रत्येक राजाला स्तुती करणारे कवी हवे होते, त्यामुळे कवी एका दरबारातून दुसऱ्या दरबारात हिंडत असत. इब्न खफाजा हिंडला नाही. घराणे खाऊनपिऊन सुखी होते, स्वतःची जमीन होती, त्याने लग्नही केले नव्हते, आणि तरुणपणी त्याने कोणत्याही राजापुढे मान तुकवली नाही. माझे अगदी मनापासूनचे मत आहे की घरी पोटापुरते पिकत असेल, तर कवीची जीभ मोकळी राहते. कवीची ओळख करून देताना आपण त्याला मिळालेले पुरस्कार मोजतो. त्याची चूल कशावर पेटत होती, हे मात्र विचारत नाही. मला हा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो.

आता त्याची कविता. आपल्या गावच्या नदीसारख्या एका नदीकडे पाहून तो म्हणतो की ही नदी हातातल्या कंकणासारखी वळली आहे, आणि दोन्ही काठांवर फुले अशी दाटली आहेत की जणू आकाशगंगाच जमिनीवर उतरली आहे. पुढे तो म्हणतो की पाण्यावर झुकलेल्या फांद्या म्हणजे निळ्या डोळ्याभोवतीच्या पापण्या आहेत. श्रोतेहो, क्षणभर डोळे मिटून हे पाहा. काठावरची झाडे पापण्या होतात, तेव्हा नदी डोळा होते, आणि मग आपण नदीकडे पाहत नसतो, तर नदी आपल्याकडे पाहत असते. निसर्ग आपल्याकडे पाहतो, ही जाणीव इब्न खफाजाच्या कवितेचा प्राण आहे, आणि म्हणून मी ती पुन्हा सांगतो: निसर्ग आपल्याकडे पाहतो.

त्याच्या आधी शतकभर सीरियातील अलेप्पोच्या दरबारात अल-सनौबरी नावाच्या कवीने बागांची आणि फुलांची कविता नावारूपाला आणली होती, आणि इब्न खफाजाला पुढे ‘अंदलुसचा सनौबरी’ असे म्हटले गेले. अंदलुसच्या लोकांना उद्देशून त्याने रचलेल्या ओळी तर आजही अरबी जगात पाठ म्हटल्या जातात. तुमच्याकडे पाणी आहे, सावली आहे, नद्या आहेत, झाडे आहेत. स्वर्ग तुमच्याच अंगणात आहे. तेव्हा नरकाची भीती बाळगू नका, कारण एकदा स्वर्गात राहिलेल्या माणसाला नरकात धाडले जात नाही, असा त्यांचा भावार्थ आहे.

परंतु त्या स्वर्गाला आग लागलेली त्याला पाहावी लागली. १०९४ मध्ये एल सिद या नावाने प्रसिद्ध असलेल्या, कॅस्टिल या स्पेनमधल्या ख्रिस्ती राज्यातल्या सरदाराने व्हॅलेन्सिया जिंकून घेतले, आणि १०९९ मध्ये सिद मेल्यानंतर, ११०२ मध्ये शहर सोडून जाताना त्याच्या पक्षाच्या सैन्याने ते पेटवून दिले. या धामधुमीत इब्न खफाजा समुद्र ओलांडून उत्तर आफ्रिकेत गेला होता. व्हॅलेन्सियासाठी त्याने केलेल्या विलापात तो म्हणतो की शत्रूंनी तुझ्या अंगणात धुडगूस घातला, आगीने तुझे रूप पुसून टाकले, आता तू ती राहिली नाहीस आणि ती घरेही ती घरे राहिली नाहीत. मोरोक्कोकडून आलेल्या मुराबित या मुसलमानी राजवटीने शहर परत घेतल्यावर तो आपल्या गावी परतला, आणि या नव्या राज्यकर्त्यांची स्तुती मात्र त्याने केली. साठी ओलांडल्यावर त्याने आपला काव्यसंग्रह स्वतः सिद्ध केला आणि त्याला स्वतःच प्रस्तावना लिहिली.

आता मी त्या गोष्टीकडे येतो, जिच्यासाठी खरे तर मी आज आपल्यासमोर बसलो आहे. ती अद्-दब्बी या अंदलुसी चरित्रकोशकाराने नोंदवून ठेवली आहे, आणि तो त्याच बाराव्या शतकातला माणूस आहे.

इब्न खफाजा म्हातारा झाला होता. केव्हातरी तो घरातून निघे, बहुतेक वेळा एकटाच. गाव मागे पडे, नदी मागे पडे, ज्यांच्यामुळे त्याला बागवान हे नाव मिळाले होते त्या बागाही मागे पडत, आणि चालत चालत तो दोन डोंगरांच्या मधल्या जागी येऊन उभा राही. तेथे दुसरे कोणी नसे. मग तो सगळे बळ एकवटून, आवाज चढेल तेवढा चढवून ओरडे: ‘इब्राहीम, तू मरणार!’

डोंगरावरून प्रतिध्वनी येई: ‘इब्राहीम, तू मरणार!’

तो पुन्हा ओरडे. डोंगर पुन्हा उत्तर देई. तो ओरडत राही आणि डोंगर उत्तर देत राही, आणि हे इतका वेळ चाले की शेवटी तो शुद्ध हरपून जमिनीवर कोसळे.

श्रोतेहो, ही गोष्ट मी प्रथम वाचली, तेव्हा मला ती एका भ्यायलेल्या म्हाताऱ्याची गोष्ट वाटली होती. आज तसे वाटत नाही. त्याने काय ओरडले, ते पुन्हा ऐका. ‘मी मरणार’ असे तो ओरडला नाही; ‘तू मरणार’ असे ओरडला. माणूस स्वतःला ‘तू’ म्हणतो, तेव्हा ते थोडे खोटे वाटते, कारण बोलणारा आणि ऐकणारा एकच असतो. पण तेच वाक्य डोंगरावरून परत येते, तेव्हा ते खरे होते. आता ‘तू’ म्हणणारा डोंगर असतो आणि ऐकणारा इब्राहीम. जे वाक्य स्वतःच्या तोंडून पटत नव्हते, ते त्याने डोंगराच्या तोंडून वदवून घेतले. शिवाय अरबी क्रियापदाच्या त्या रूपात ‘तू मरतोस’ आणि ‘तू मरशील’ हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, जसे आपण ‘उद्या येतो’ म्हणताना वर्तमानाच्या रूपात भविष्य बोलतो. त्यामुळे डोंगर जे सांगत होता, ते पुढे कधीतरी घडणारे होते आणि त्या घटकेला घडत असलेलेही होते.

आणखी एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. प्रतिध्वनीला अरबीत ‘सदा’ म्हणतात. इस्लामपूर्व अरबांची अशी समजूत होती की मारल्या गेलेल्या माणसाच्या रक्ताचा सूड घेतला गेला नाही, तर त्याच्या डोक्यातून घुबडासारखा एक पक्षी बाहेर येतो आणि ‘मला पाणी पाजा’ म्हणून ओरडत राहतो. त्या पक्ष्यालाही ‘सदा’ असेच म्हणत. म्हणजे डोंगरातून आलेला आवाज आणि मेलेल्या माणसाचा आवाज यांना त्या भाषेत शब्दच एक आहे. तहानलेल्या मृताची ही समजूत कानावर पडली, की मला आपल्याकडच्या पिंडाजवळ ठेवलेल्या पाण्याची आठवण होते.

आणि म्हणूनच त्याच्या सर्वांत प्रसिद्ध कवितेत डोंगर बोलतो. रात्रीच्या प्रवासात एक उत्तुंग डोंगर त्याच्या समोर येतो. तो डोंगर चारी दिशांनी वाऱ्याची वाट अडवून उभा आहे आणि आपल्या खांद्यांनी ताऱ्यांना रेटतो आहे. रानाच्या पाठीवर तो असा गंभीर बसला आहे, की जणू रात्रीमागून रात्री परिणामांचा विचार करणारा एखादा माणूस. ढगांनी त्याच्या डोक्याला काळे पागोटे गुंडाळले आहे, आणि त्या पागोट्याला विजेचे तांबडे शेमले सुटले आहेत. कवी म्हणतो, मी कान दिला, तो मुका होता, तरी त्याने मला नवलाच्या गोष्टी सांगितल्या.

डोंगर सांगतो: किती खुन्यांना मी आसरा दिला, आणि किती पश्चात्तापी भक्तांचे मी घर झालो. किती वाटसरू रात्री जाता-येता माझ्यापाशी थांबले, किती स्वारांनी माझ्या सावलीत दुपारची वामकुक्षी घेतली. मृत्यूने हात पुढे केला आणि ते सगळे गेले. माझ्या झाडीची सळसळ म्हणजे माझ्या बरगड्यांचा थरकाप आहे, आणि माझ्या पारव्यांचे घुमणे म्हणजे आक्रोश आहे. माझे अश्रू विसरण्याने आटले नाहीत. सोबत्यांना निरोप देता देता ते संपून गेले. मी किती काळ असा उरून राहू, आणि परत न येणाऱ्यांना किती काळ निरोप देत राहू?

ज्या डोंगराला मरण नाही, तो न मरण्याचे दुःख सांगतो. इब्राहीम दोन डोंगरांच्या मध्ये उभा राहून ‘तू मरणार’ असे ओरडत होता, आणि त्याच्याच कवितेतला डोंगर त्याला सांगत होता की मागे राहणे काही सोपे नाही. ही कविता शाळेत गद्य अर्थ लिहून घेऊन शिकवण्याजोगी नाही. ती मोठ्याने वाचली पाहिजे, आणि शक्य असेल तर उघड्यावर.

इब्न खफाजा ऐंशी वर्षांचा झाला. हिजरी सन ५३३ मध्ये, म्हणजे ११३८ ते ११३९ च्या सुमारास, तो वारला. त्या कवितेच्या शेवटी कवी डोंगराला वळसा घालून आपल्या वाटेला लागतो, आणि जाता जाता त्याला म्हणतो: सलाम, आपल्यात कोणी राहणारे आहे, तर कोणी जाणारे.

नमस्कार.