दुसऱ्या टोकाचा गोलंदाज

(पडद्यावर: ओल्ड ट्रॅफर्ड, मँचेस्टर. इंग्लंड विरुद्ध ऑस्ट्रेलिया, जुलै 1956.)

जिम लेकर: 68 षटके, 90 धावा, 19 बळी.
टोनी लॉक: 69 षटके, 106 धावा, 1 बळी.

खेळपट्टी तीच, फलंदाज तेच. लॉकने एक षटक जास्तच टाकलं. लेकरने सगळे बळी मैदानाच्या स्ट्रेटफर्ड एंड या टोकाकडून ऑफस्पिन (उजव्या फलंदाजाकडे आत वळणारी फिरकी) टाकून घेतले आणि समोरच्या टोकाकडून लॉकची डावखुरी फिरकी चालू होती. दोघेही काउंटीत, म्हणजे इंग्लंडच्या देशांतर्गत स्पर्धेत, सरेचे.

लॉक फॉर्मात नव्हता म्हणावं, तर त्याच जुलैमध्ये ब्लॅकहीथला केंटविरुद्ध त्याने एकट्याने 54 धावांत 10 बळी घेतले होते. त्याआधी मे महिन्यात ओव्हलवर सरेची गाठ याच ऑस्ट्रेलियन संघाशी पडली. पहिल्या डावात लेकरने 88 धावांत दहाच्या दहा गडी टिपले, लॉकला एकही नाही. दुसऱ्या डावात लॉकचे 49 धावांत 7. डावात बळी दहाच असतात. एकाने पोतं भरलं की दुसऱ्याचं रिकामं राहतं. पण 1952 ते 1958 अशी सलग सात वर्षं सरे काउंटी चॅम्पियन राहिली, त्यात या दोघांचा वाटा किती, ते बळींच्या रकान्यातून कळत नाही.

त्यासाठी निर्धाव, म्हणजे एकही धाव न दिलेल्या, षटकांचा रकाना बघायला हवा. ओल्ड ट्रॅफर्डला लॉकची 33 षटकं निर्धाव होती, लेकरची 27.

(पडद्यावर: मैदानाचा नकाशा. दोन फलंदाज, दोन टोकं.)

इथे थोडं थांबूया, कारण गोलंदाजांच्या जोडीचं सगळं गणित यात आहे. षटक संपलं की टोक बदलतं. लॉकचं षटक एका फलंदाजाने निर्धाव खेळून काढलं, तर लेकरसमोर दुसरा येतो. लेकरचंही निर्धाव गेलं, तर लॉकसमोर पुन्हा पहिला. म्हणजे दोन्हीकडून धावा थांबल्या की प्रत्येक गोलंदाजाला षटकामागून षटक एकच फलंदाज मिळतो. मग सापळा लावता येतो: चार चेंडू आत वळवायचे, पाचवा सरळ सोडायचा, पुढच्या षटकात शॉर्ट लेग (लेगबाजूला बॅटजवळ उभा क्षेत्ररक्षक) एक पाऊल पुढे घ्यायचा. जोडीदाराने एक धाव दिली की ही साखळी तुटते. समोर भलताच फलंदाज येतो आणि पहिला पलीकडच्या टोकाला उभा राहून श्वास घेतो.

जोडीदार फलंदाजाचे हात बांधून देतो, तसे झेलही घेतो. सरेसाठी लेकर गोलंदाजी करायचा तेव्हा लॉक लेगला, बॅटच्या अगदी जवळ उभा असायचा. ओल्ड ट्रॅफर्डला लॉकचा एकमेव बळी होता जिम बर्क. दुसऱ्या डावात याच बर्कचा झेल लॉकने घेतला, लेकरच्या गोलंदाजीवर.

(पडद्यावर: चेम्सफर्ड, एसेक्स. 2017 चा मोसम.)

आता साठ वर्षं पुढे. सायमन हार्मर हे नाव आपल्याकडे अनोळखी नाही. 2015 मध्ये नागपूरच्या जामठ्यावर तो दक्षिण आफ्रिकेकडून कसोटी खेळला. नंतर संघातली जागा गेली आणि 2017 मध्ये त्याने एसेक्स गाठलं. तिथे जोडीला जेमी पोर्टर: उजव्या हाताचा मध्यमगती, नवा ड्यूक चेंडू (इंग्लंडमध्ये वापरतात तो) सीमवर, म्हणजे शिवणीवर, हलवणारा. त्या मोसमात पोर्टरचे 75 बळी, हार्मरचे 72. 14 सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांचे जास्तीत जास्त 280 बळी घेता येतात. त्यातले 147 या दोघांचे. 1992 नंतर एसेक्सने प्रथमच चॅम्पियनशिप जिंकली, तीही एकही सामना न हरता.

इथली देवाणघेवाण वेगळी होती. नव्या चेंडूवर पोर्टर वरची फळी फोडायचा, त्यामुळे चेंडू कडक असतानाच हार्मरला मधली फळी सापडायची. हार्मर एक टोक तासन् तास लावून धरायचा, म्हणून समोरून वेगवान गोलंदाजांना चार-पाच षटकांचे छोटे स्पेल पुरायचे आणि संध्याकाळी त्यांच्या पायात जोर उरायचा.

आणि पायांचे खड्डे! उजव्या हाताचा गोलंदाज ओव्हर द विकेट (चेंडू टाकणारा हात स्टंपांच्या बाजूला ठेवून) टाकतो तेव्हा त्याच्या फॉलोथ्रूने, म्हणजे चेंडू सुटल्यानंतरच्या पावलांनी, त्या टोकाला डावखुऱ्या फलंदाजाच्या ऑफस्टंपबाहेरची माती उकरली जाते. समोरच्या टोकाकडून येणारा ऑफस्पिनर नेमका तिथे चेंडू टाकतो आणि डावखुऱ्यापासून बाहेर काढतो. डावखुरा वेगवान गोलंदाज असेल तर खड्डा उजव्या फलंदाजाच्या ऑफस्टंपबाहेर पडतो. त्या वर्षी एसेक्सकडून नील वॅग्नर आणि मोहम्मद आमिर खेळले, दोघेही डावखुरे. अट एकच: खड्डा पाडणारा आणि वापरणारा विरुद्ध टोकांना हवेत. स्वतःचा खड्डा गोलंदाजाच्या स्वतःच्या कामी येत नाही. शिवाय पॉपिंग क्रीजपुढे (स्टंपांपुढची पांढरी रेषा) पाच फुटांवर सुरू होणाऱ्या मधल्या दोन फुटी पट्ट्यात पाय पडला तर पंच ताकीद देतात, म्हणून हे नुकसान कडेकडेनेच व्हायला हवं.

जोडी फसते ती बहुतेक वेळा चांगल्या हेतूने. एकाला बळी मिळत असतात, दुसरा कासावीस होतो, जोर लावतो. चेंडू आखूड पडतो, लेगला जातो, षटकात एक चौकार सुटतो. मग फलंदाज शहाणा होतो: चांगल्या गोलंदाजाला नुसतं अडवतो आणि धावा दुसऱ्या टोकाला करतो. कर्णधाराला शॉर्ट लेग उचलून कव्हरला पाठवावा लागतो आणि पलीकडे फिरकीपटूची बॅट-पॅडची संधी (बॅटला आणि पॅडला लागून उडालेला झेल) मोकळ्या जागेत पडते.

जून 2017 मध्ये चेम्सफर्डला दिवसरात्र सामना होता, गुलाबी चेंडूने. शेवटच्या दिवशी मिडलसेक्स पराभव टाळण्यासाठी झुंजत होतं. हार्मरने 95 धावांत 9 बळी घेतले, सामन्यात 14. दहावा गडी त्याच्या नावावर नाही.