लहरीला परवाना कोण देतं?

(मिरकरवाडा बंदर, रत्नागिरी. जेटीवर ट्रॉलरमध्ये बर्फ भरणं सुरू.)

तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाच्या, केबिनमध्ये व्हीएचएफ सेट, म्हणजे बोलण्याचा रेडिओ; खिशात मोबाइल. खलाशाच्या कानात ब्लूटूथ. तिन्ही यंत्रं हवेत रेडिओ लहरी सोडतात, पण तिघांना लागणारी परवानगी वेगवेगळी.

कुठली फ्रिक्वेन्सी कोणी वापरायची, हे पाहणारी डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) ही १९५२ पासूनची शाखा आज केंद्राच्या दूरसंचार विभागात आहे. मोबाइलच्या लहरी कंपन्यांनी लिलावात घेतलेल्या, आपण त्यांचं गिऱ्हाईक. ब्लूटूथ आणि वायफाय ज्यावर चालतात, तो २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा परवानामुक्त. परवानामुक्त म्हणजे मोकाट मात्र नव्हे. लहरीच्या ताकदीवर मर्यादा आहे, आणि यंत्र बाजारात आणण्याआधी कंपनीला ‘ईटीए’ (इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल) ही मंजुरी घ्यावी लागते, चाचणी अहवालासह.

(केबिनमधला व्हीएचएफ सेट, जवळून.)

या सेटला परवाना लागतो, आणि का लागतो ते समुद्रावर पटकन कळतं. चॅनेल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्‌झ. संकटातली हाक इथेच द्यायची, असा जगभरचा नियम. इंजिन बंद पडलं, बोटीत पाणी शिरलं, तर तटरक्षक दल आणि आसपासच्या बोटी हाच चॅनेल ऐकत असतात. पण एका चॅनेलवर दोघं एकदम बोलले, की जवळचा, जोरकस आवाज लांबच्या, क्षीण आवाजाला गिळतो. किनाऱ्यावर कोणी गंमत म्हणून बटण दाबून बसला, तर खोल समुद्रातला माणूस ओरडूनही ऐकू येणार नाही.

आणि गंमत करणं फार स्वस्त झालंय. ऑनलाइन मिळणारे कितीतरी वॉकीटॉकी १३६ ते १७४ मेगाहर्ट्‌झपर्यंत कुठेही लावता येतात. चॅनेल १६ त्यातच आला. भारतात विनापरवाना वॉकीटॉकीला मुभा आहे ती ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ एवढ्याच चिंचोळ्या पट्ट्यात, तीही कमी ताकदीच्या. जाहिरातीत मात्र ‘दहा किलोमीटर रेंज’ ठळक अक्षरांत, आणि फ्रिक्वेन्सीचा पत्ता नाही.

२०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. विक्रीच्या पानावर फ्रिक्वेन्सी आणि ईटीएचा तपशील द्यायलाच हवा. मासेमारीची बंदी ३१ जुलैला उठते. त्याआधी कोणी नवा सेट घेणार असेल, तर दुकानदाराकडे किमतीआधी या दोन गोष्टी मागाव्यात.