चार बोटं

(दृश्य : ग्वाल्हेर, लष्कर भागातल्या एका वाड्याचं अंगण. सकाळ. आजी रांगोळीचे ठिपके मांडताहेत.)

या आजींच्या रांगोळीला पट्टी लागत नाही. "चार बोटं सोडायची, मग पुढचा ठिपका," त्या नातीला सांगतात. नात मात्र पायरीवर बसून बुटांच्या नाड्या आवळते आहे. तिला मैदानावर जायचंय, अडथळ्यांच्या शर्यतीच्या सरावाला.

चार बोटं तिलाही ठाऊक आहेत, फक्त वेगळ्या कारणानं.

(दृश्य : मैदान. फक्कीची ताजी रेघ.)

८ ऑगस्ट १९८४, लॉस एंजेलिस. महिलांची ४०० मीटर अडथळा शर्यत ऑलिंपिकमध्ये त्या वर्षी पहिल्यांदाच आली होती. अंतिम फेरीत उभी होती केरळातल्या पय्योळीची वीस वर्षांची पी. टी. उषा. उपांत्य फेरी तिनं ५५.५४ सेकंदांत जिंकली होती, तेव्हा पदकाची आशा काही हवेतली नव्हती.

या शर्यतीत नुसतं पळून भागत नाही. अडीच फूट उंचीचे दहा अडथळे. पहिला ४५ मीटरवर, पुढे दर ३५ मीटरला एक. मधली पावलं मोजून पडावी लागतात. एक आखूड पडलं की अडथळ्यापाशी घोटाळा झालाच म्हणून समजा. दहावा ओलांडला की ४० मीटर मोकळे, आणि तिथेच पाय मणामणाचे होतात. त्यात तिकडचं जेवण उषाच्या तोंडी उतरत नव्हतं. पेज आणि लोणचं, यावर दिवस काढले असं तिनंच पुढे सांगितलं.

मोरोक्कोची नवाल एल मुतावाकेल पहिली, अमेरिकेची ज्युडी ब्राऊन दुसरी. तिसरं कोण, हे नुसत्या डोळ्यांना सांगता येईना.

अशा वेळी निकाल देतो तो रेघेवर रोखलेला कॅमेरा. तो पाय बघत नाही, डोकं बघत नाही, पुढे आलेला हातही नाही. धड रेघेवर कधी आलं, तेवढंच बघतो. म्हणून धावपटू शेवटी छाती झोकतात. रुमानियाची क्रिस्तियाना कोजोकारू, ५५.४१. उषा, ५५.४२.

सेकंदाचा शंभरावा भाग. तेवढ्यात या वेगानं माणूस साधारण सात सेंटिमीटर पुढे जातो. आजींचीच चार बोटं.

आपल्याकडे उषा म्हटलं की सगळे इथेच हळहळतात आणि इथेच थांबतात. मला ते पटत नाही. पुढच्याच वर्षी जकार्तात, आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत, तिनं १००, २००, ४००, ४०० मीटर अडथळे आणि ४ बाय ४०० रिले अशी पाच सुवर्णपदकं घेतली. वर एक कांस्य. १९८६च्या सोल आशियाई स्पर्धेत सगळ्या भारताला मिळून पाच सुवर्णं मिळाली. त्यातल्या चारांत उषा होती. पाचवं कुस्तीत कर्तार सिंगचं. तिला घडवणारे ओ. एम. नंबियार यांना १९८५ साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, पुरस्कार सुरू झाला त्याच वर्षी.

१९८८च्या ऑलिंपिकला टाच दुखावलेली. प्राथमिक फेरीतच संपलं. लग्न झालं, मूल झालं, आणि १९९८ साली फुकुओकाला चौतिसाव्या वर्षी ती पुन्हा आशियाई पदकं घेऊन आली.

तरी ते ५५.४२ राष्ट्रीय विक्रम म्हणून तसंच राहिलं. २ ऑक्टोबर २०२३ला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत तमिळनाडूची विद्या रामराज प्राथमिक फेरीत धावली. एकोणचाळीस वर्षांनी फलकावर आकडा उमटला : ५५.४२. शतांशाचाही फरक नाही.

(दृश्य : मैदान. नात शेवटच्या अडथळ्यावरून उतरते.)

मोकळी वाट. पाय जड झालेत, मान मागे पडली आहे. रेघेपाशी उभे सर स्वतःच्या छातीवर थाप मारून ओरडतात, "अगं, पाय नको बघू! हे... हे टाक पुढे!"