कल्पना कुणाची ते लिहा, आणि नेमकी कोणती तेही

मागचा गिटचा व्हिडिओ टाकल्यापासून कमेंटमध्ये एकच प्रश्न येतोय: "ताई, प्रोजेक्ट एमआयटी लायसन्सचा आहे, मग क्रेडिट कशाला?" एमआयटी म्हणजे कोड कुणालाही मोफत वापरू देणारं लायसन्स. पण कोड घेतलात तर कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवायचा, ती अटच आहे. झालं, पुढे चला.

गोची आहे ती कल्पनेची. कॉपीराइट कोडला असतो, त्यामागच्या कल्पनेला नाही. एकही ओळ न उचलता कुणाची अख्खी रचना घेतलीत तरी लायसन्स तुम्हाला अडवत नाही. तिथे आपणहूनच सांगावं लागतं.

ॲपगेट आठवतंय? विंडोजवर प्रोग्रॅम इन्स्टॉल करायचं कीवान बेगी यांचं ओपन सोर्स टूल. मायक्रोसॉफ्टने त्यांच्याशी बोलणी केली, नोकरीसाठी मुलाखतही घेतली आणि मे 2020 मध्ये स्वतःचं तसंच टूल, विनगेट, आणलं. आता नीट ऐका. घोषणेत ॲपगेटचं नाव होतं! पण इतर टूल्सच्या यादीत, जाता जाता. बेगींनी लिहिलं की कोड घेतल्याची तक्रार नाही. टूल चालतं कसं, ती मूळ रचना श्रेय न देता घेतली. मग मायक्रोसॉफ्टने जाहीर आभार मानले आणि काय काय घेतलं तेही सांगितलं: इन्स्टॉल करताना स्क्रिप्ट (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) चालवायची नाही, मॅनिफेस्ट (प्रोग्रॅम कुठून, कसा इन्स्टॉल करायचा ते सांगणाऱ्या फायली) गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर ठेवायचे, वगैरे. याला म्हणतात क्रेडिट. आधीचा तो नुसता उल्लेख.

म्हणून रीडमीच्या, म्हणजे प्रोजेक्टची ओळख करून देणाऱ्या फाइलच्या, तळाशी "अमुकपासून प्रेरित" एवढंच दिसलं की मला राग येतो. अरे, घेतलंस काय त्यातून? वेब ॲपची माहिती सांभाळणारी रिडक्स ही लायब्ररी 2015 मध्ये आली, तिचा सुरुवातीचा रीडमी बघा. एल्म आर्किटेक्चरचे, म्हणजे एल्म या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या रचनेचे, आभार होते आणि कशाबद्दल तेही होतं: स्टेटमधले (ॲपच्या त्या क्षणाच्या माहितीतले) बदल रिड्यूसरने (जुन्या स्टेटवरून नवी काढणाऱ्या फंक्शनने) कसे मांडायचे, याबद्दल. अशानं वाचणाऱ्याला मूळ विचार कुठे शोधायचा ते कळतं.

एकानं लिहिलंय, "ऑफिसमध्ये एवढं कोण करतं?" ऐका मग. माझ्या पहिल्या नोकरीत रिपोर्ट उघडायला फार वेळ लागायचा. ते काम रात्रीच उरकून ठेवायची युक्ती चहाच्या टपरीवर एका टेस्टरने मला सुचवली. डेमोत मी म्हणाले, "टीमची आयडिया." तो समोरच बसला होता, मान खाली घालून. "टीम" म्हटलं की कुणाचंच नाव येत नाही हो!

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, यासाठी कमिट मेसेजच्या (कोडमधल्या बदलासोबत लिहायच्या नोंदीच्या) शेवटी "सजेस्टेड-बाय" अशी वेगळी ओळ लिहितात, पुढे सुचवणाऱ्याचं नाव. कोडची एक ओळही न लिहिलेल्या माणसाचं. फक्त कल्पना चारचौघांत मांडलेली नसेल तर त्याला आधी विचारायचं.

त्या टेस्टरला मी पुढच्या सोमवारी विचारलं. "लिहा की," म्हणाला. डिझाइनच्या कागदात युक्तीसकट त्याचं नाव घातलं आणि पुढच्या डेमोत तो भाग त्यानंच समजावून सांगितला.