दुकानामागचा वर्ग

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात, चार्ल्सटन शहराजवळ जॉन्स आयलंड नावाचे बेट आहे. 1950च्या दशकात तिथले इसॉ जेन्किन्स आपल्या बसमधून बेटावरच्या कृष्णवर्णीय कामकरी माणसांना शहरात कामावर नेत असत. त्यांच्या बसमधल्या अ‍ॅलिस वाइन नावाच्या बाईंनी एकदा त्यांना सांगितले, की मला मत द्यायचे आहे, पण वाचता येत नाही, तेव्हा मला शिकवा. मतदारयादीत नाव यायचे तर राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवावा लागे. जेन्किन्स तो उतारा मोठ्याने वाचत, समजावून सांगत, आणि वाइनबाईंनी ऐकून ऐकून तो तोंडपाठ केला. नाव यादीत लागले. अक्षर मात्र अजून ओळखता येत नव्हते, आणि बाईंना खरे तर तेच हवे होते.

वाचनाची ही अट मुळात साक्षरतेच्या प्रेमापोटी आलेली नव्हती. जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण केला, तेव्हा दक्षिण कॅरोलायनात कृष्णवर्णीय पुरुष मतदान करत होते, एवढेच नव्हे, तर विधिमंडळातही बसत होते. पुढे 1895च्या राज्यघटनेने वाचनाची किंवा मालमत्तेची अट घालून तो हक्क बहुतेकांच्या हातून काढून घेतला. आधी शाळेपासून दूर ठेवायचे आणि मग वाचता येत नाही म्हणून मत नाकारायचे, ही रीत आपल्या श्रोत्यांना फार समजावून सांगावी लागणार नाही.

या बेटावर 1916 साली सेप्टिमा क्लार्क नावाची तरुण शिक्षिका आली होती. तिचे वडील जन्माने गुलाम. ती चार्ल्सटनचीच, पण त्या शहराच्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय शिक्षकांना नेमत नसत. बेटावरच्या शाळेत दोन शिक्षिका आणि 132 मुले; क्लार्क यांचा पगार महिना 35 डॉलर. समोरच्या गोऱ्यांच्या शाळेत मुले तीन आणि शिक्षिकेचा पगार 85 डॉलर. पुढे समान वेतनाच्या लढ्यात त्या उतरल्या, त्याचे मूळ या हिशेबात असावे.

राज्याने 1956 साली कायदा केला, की सरकारी नोकराने कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे सभासद असता कामा नये. क्लार्क यांनी सभासदत्व लपवले नाही. चाळीस वर्षांची नोकरी गेली, निवृत्तिवेतनही गेले. या कायद्याविरुद्ध उभे राहा, असे त्यांनी सातशेहून अधिक कृष्णवर्णीय शिक्षकांना पत्राने कळवले. उत्तर मोजक्यांचेच आले. मला सर्वांत विचार करण्याजोगे वाटते ते पुढचे. त्यांनी त्या शिक्षकांना भित्रे म्हटले नाही. त्यांची तयारी नसताना आपण त्यांना पुढे ढकलले, हे आपले अपयश, असे त्या म्हणत राहिल्या.

टेनेसीतल्या डोंगरात 1932 पासून हायलँडर नावाची लोकशाळा चालू होती. तिथे काळी-गोरी माणसे एका टेबलाशी जेवत, आणि त्या काळच्या दक्षिणेत ही गोष्ट साधी नव्हती. क्लार्क यांनी जेन्किन्स यांना तिथे नेले. जेन्किन्स यांनी मागितले ते एकच: बेटावर प्रौढांसाठी वर्ग. हायलँडरच्या कर्जातून एक जुनी शाळेची इमारत घेण्यात आली. पुढे सहकारी किराणा दुकान, मागे वर्गाच्या दोन खोल्या. मागच्या खोल्यांना खिडक्या नव्हत्या, म्हणजे कोणा गोऱ्याला डोकावून पाहता येऊ नये.

शिक्षिका म्हणून क्लार्क यांनी आपल्या नात्यातल्या बर्निस रॉबिन्सन यांना गळ घातली. रॉबिन्सन केशभूषेचा व्यवसाय करत. शिकवण्याचा अनुभव शून्य. पण त्यांची सगळी गिऱ्हाइके कृष्णवर्णीय असल्यामुळे कोणी गोरा मालक त्यांना कामावरून काढू शकत नव्हता. नोकरी गमावलेल्या क्लार्क यांना या गोष्टीचे मोल पुरेपूर कळले असणार.

जानेवारी 1957 मध्ये पहिल्या रात्री चौदा जण आले. मी शिक्षिका नाही, आपण एकमेकांकडून शिकू, असे रॉबिन्सन यांनी आरंभीच सांगून टाकले. सोबत आणलेली लहान मुलांची पुस्तके त्यांनी लगेच बाजूला ठेवली. आपल्याकडे शेतमजुरी करून दमून आलेल्या बाईला ‘कमल नमन कर’ गिरवायला लावणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर ऐकावा. तुम्हाला काय शिकायचे आहे, असे त्यांनी विचारले, तर उत्तरे आली: स्वतःचे नाव लिहायचे आहे, मालाच्या कॅटलॉगमधला मागणीचा अर्ज भरायचा आहे, मनीऑर्डर करायची आहे. वर्ग त्यावरच उभा राहिला. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहून देत, आणि माणसे त्यावरून पुन्हा पुन्हा पेन्सिल फिरवत. राज्यघटनेचे शब्द आले, ते या सगळ्याच्या ओघात. एकदा फळ्यावर सगळ्यांची नावे लिहिली होती. पासष्टीच्या एका बाईंनी रॉबिन्सन यांच्या हातून पट्टी घेतली, फळ्यापाशी जाऊन आपल्या नावावर ती टेकवली आणि एकेक अक्षर मोठ्याने उच्चारले.

मतदार म्हणून नाव नोंदवायला ही माणसे कचेरीत गेली, ती या वर्गातून. एकटी नव्हे, सोबतीने. जवळपासच्या बेटांवरून मागण्या आल्या आणि वर्ग वाढत गेले. हायलँडरवर 1959 साली पोलिसांनी छापा घातला, तेव्हा क्लार्क यांना अटक झाली, आणि 1961 साली राज्याने ती शाळा बंद पाडली. तोवर वर्गांचे काम मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेकडे गेले होते आणि दक्षिणेतल्या अनेक राज्यांत नव्या शिक्षिका तयार होत होत्या. 1965 साली मतदान हक्काचा कायदा झाला, तेव्हा कित्येक गावांत अर्ज भरायला शिकवणारे कोणीतरी आधीच बसलेले होते.

सेप्टिमा क्लार्क यांचे निवृत्तिवेतन 1976 साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी परत मिळाले. त्याच सुमारास चार्ल्सटनच्या मतदारांनी त्यांना आपल्या शाळा मंडळावर निवडून दिले होते.